वाचनालयाचे दार किती तास उघडे?

महाराष्ट्रातील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये सरकारी नाहीत. नोंदणीकृत संस्था ती चालवतात. सरकार त्यांना मान्यता देते आणि दरवर्षी ठरावीक अनुदान देते. ही घडण ग्रंथालय कायद्याच्या फार आधीची आहे. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ मधले, अहमदनगरचे १८३८ मधले, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० मधले, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ मधले आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० मधले. पुढे ठाण्यात १८९३ साली आणि मुंबईत १८९८ साली मराठी ग्रंथसंग्रहालये निघाली, तीही लोकांच्या वर्गणीतून आणि देणग्यांतून. सरकारने यात लक्ष घालावे हा विचार १९३९ साली नेमलेल्या फैजी समितीने मांडला. कोल्हापूर संस्थानाने तर १९४५ मध्ये स्वतःचा ग्रंथालय कायदाच केला होता.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. १ मे १९६८ पासून तो अमलात आला. त्यातून ग्रंथालय संचालनालय उभे राहिले, राज्य ग्रंथालय परिषद आली, ग्रंथालय निधी निर्माण झाला आणि त्या निधीत सरकारने वर्षाला किमान २५ लाख रुपये घालावेत असे बंधन आले. ग्रंथालयासाठी वेगळा उपकर मात्र या कायद्यात नाही. मद्रासने १९४८ सालीच तो बसवला होता, कर्नाटकाने १९६५ साली. महाराष्ट्राने ग्रंथालयांचा खर्च दरसालच्या अर्थसंकल्पावर सोपवला. पुढच्या जवळजवळ सगळ्या अडचणींचे मूळ या एका निवडीत आहे.

१९७० च्या नियमांनी ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग केले. पुस्तके किती, सभासद किती, वर्तमानपत्रे व नियतकालिके किती, रोज किती वेळ उघडे, यावर वर्ग ठरतो आणि वर्गावर अनुदान. मिळालेल्या अनुदानातला निम्मा भाग वेतनासाठी आणि निम्मा पुस्तके, भाडे, वीज, छपाई अशा वेतनेतर खर्चासाठी असतो. सर्वांत खालच्या ड वर्गाला २०१२ च्या वाढीनंतर वर्षाला ३० हजार रुपये मिळू लागले. तो आकडा दहा वर्षे हलला नाही. मग ६० टक्के वाढ होऊन तो ४८ हजारांवर गेला. २०१२ मध्येच महसूल खात्यामार्फत राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली, आणि तेव्हापासून नव्या ग्रंथालयांना मान्यता व जुन्यांना वरचा वर्ग मिळणे दीर्घकाळ थांबले.

या व्यवस्थेकडे दोन बाजूंनी पाहता येते. एक बाजू सरकारी पैशाचा हिशेब तपासणाऱ्याची, दुसरी ते दार रोज उघडणाऱ्याची. पुढच्या संवादात पहिली बाजू निवृत्त लेखापरीक्षकाच्या तोंडी आहे आणि दुसरी एका वाचनालयाच्या कार्यवाहांच्या, म्हणजे शाळेतून निवृत्त होऊन बिनपगारी हे काम पाहणाऱ्या बाईंच्या. दोघेही विशिष्ट व्यक्ती नाहीत. राज्याच्या कोणत्याही तालुक्यात भेटतील अशा या भूमिका आहेत.

लेखापरीक्षक : बाई, सरकार पैसे देते ते वाचनालय चालावे म्हणून. तपासणीला गेले की दाराला कुलूप, शेजारच्या दुकानात किल्ली, आत धूळ आणि नोंदवहीत मात्र रोजची हजेरी एकाच शाईने भरलेली. असे प्रकार थोडे नव्हते, म्हणून तर २०१२ ची पडताळणी करावी लागली. मग अनुदान वाढवा ही मागणी कोणत्या तोंडाने करायची?

कार्यवाह : साहेब, कागदावरची वाचनालये होती हे मी नाकारत नाही. त्यांनी खऱ्यांचे नाव घालवले. पण जे खरे आहे त्याचा हिशेब तुम्हीच मांडा. ४८ हजारांतले निम्मे म्हणजे २४ हजार वेतनाला. महिन्याला दोन हजार. ग्रंथपाल रोज तीन तास बसतो असे धरा आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरा, ७५ तास होतात. तासाला २७ रुपयेसुद्धा पडत नाहीत. या पैशात कोण येईल? ज्याला दुसरे काही मिळत नाही तो, किंवा ज्याचे घर दुसऱ्या कमाईवर चालते तो. त्याला दुसरे काम मिळाले की वाचनालयाची वेळ त्या कामाभोवती वाकते. तुम्हाला दिसलेल्या कुलपांतली काही कुलपे अशी लागलेली असतात.

लेखापरीक्षक : म्हणजे लबाडीलाही कारण सापडले.

कार्यवाह : लबाडीची बाजू मी घेत नाही. पण दोन हजारांत प्रामाणिक नोंदवहीची अपेक्षा धरली, तर प्रामाणिक माणसे निघून जातात आणि वही भरणारे उरतात.

या हिशेबात न दिसणारी आणखी एक अडचण आहे. अनुदान हप्त्यांनी येते, आणि शेवटचा हप्ता पुष्कळदा आर्थिक वर्ष सरत आल्यावर. पुस्तकखरेदी मग मार्चमध्ये घाईने उरकावी लागते. वाचकांनी वर्षभर मागितलेली पुस्तके बाजूला राहतात आणि विक्रेत्याकडे तयार गठ्ठ्यात असतील ती घेतली जातात. ग्रंथपालाचा पगारही हप्ता येईपर्यंत थकतो, किंवा संस्थेचा एखादा पदाधिकारी पदरचे पैसे घालून तो भागवतो. ज्या संस्थेला स्वतःचे सभागृह भाड्याने देता येते ती हा काळ निभावते. ग्रामपंचायतीच्या एका खोलीत बसणारे वाचनालय निभावू शकत नाही, आणि राज्यात अशाच वाचनालयांची संख्या मोठी आहे.

लेखापरीक्षक : माझा मुद्दा वेगळा आहे. राज्यात अकरा हजारांहून अधिक मान्यताप्राप्त ग्रंथालये आहेत. सरासरीने एका जिल्ह्याला तीनशेच्या आसपास. एवढ्यांवर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याने लक्ष ठेवायचे तरी कसे? पैसा पातळ होऊन सगळीकडे सांडतो आणि कुठेच पाणी धरत नाही. मी असतो तर संख्या निम्मी केली असती. दोन-तीन गावांत मिळून एक, पण सकाळपासून रात्रीपर्यंत उघडे आणि पुरता पगार देणारे.

कार्यवाह : ज्या गावचे बंद होईल तिथल्या आठवीतल्या मुलीला शेजारच्या गावी कोण नेणार? सायकल असली तरी संध्याकाळी सातला घरचे तिला पाठवणार नाहीत. वाचनालय चालत जाण्याच्या टप्प्यात असले तरच ते मुलांचे, म्हाताऱ्यांचे आणि बायकांचे राहते. एरवी ते मोटारसायकल असणाऱ्यांचे होते.

लेखापरीक्षक : त्याला फिरते ग्रंथालय हा उपाय आहे. सयाजीराव महाराजांनी बडोद्यात तेच केले होते.

कार्यवाह : केले होते, पण गावोगावच्या वाचनालयांच्या जोडीला, त्यांच्या जागी नव्हे.

बडोद्याचे उदाहरण दोघांनाही जवळचे वाटते ते उगाच नाही. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. मध्यवर्ती ग्रंथालय राजधानीत, त्याखाली शहरे आणि गावे, आणि जिथे वाचनालय नाही तिथे लाकडी पेट्यांतून जाणारी पुस्तके. पैशाची वाटणीही विचारपूर्वक केलेली होती. गावाने आपला वाटा उभा केला की तेवढीच रक्कम प्रांत पंचायत घालत असे आणि तेवढीच संस्थान. गावाच्या वाट्यामुळे मागणी खरी आहे हे कळत होते, आणि उरलेल्या दोन वाट्यांमुळे गरीब गावाची कुवत तिथेच संपत नव्हती. महाराष्ट्राच्या आजच्या पद्धतीत मधला वाटा, म्हणजे ग्रामपंचायतीचा, नगरपरिषदेचा किंवा महानगरपालिकेचा, बहुतांश ठिकाणी गायब आहे. ग्रंथालय चालवणे हे नागरी संस्थांचे ऐच्छिक कर्तव्य मानले जाते. अर्थसंकल्पात कात्री लावायची वेळ आली की ऐच्छिक गोष्टी आधी गळतात.

लेखापरीक्षक : वर्गणीचे काय? लोक मोबाइलच्या रिचार्जला महिन्याला दोनशे-तीनशे रुपये सहज देतात. वाचनालयाची वर्गणी वर्षानुवर्षे तीच ठेवायची आणि पैसे नाहीत म्हणायचे, हे मला पटत नाही. फुकट मिळते त्याची किंमत राहत नाही.

कार्यवाह : ज्याला परवडते त्याच्याकडून घ्या, माझी ना नाही. देवघेव विभागाची वर्गणी आम्हीही वाढवली आहे. पण अनामत आणि वर्गणी मिळून हजार-पाचशे रुपये एकदम काढणे काही घरांना जमत नाही, आणि तीच मुले पुस्तकाला सर्वांत भुकेली असतात. बालविभाग आणि वाचनकक्ष यांना पैसे लावले तर आम्ही सार्वजनिक कसे? सरकारी शाळेची फी वाढवून शिक्षणाची किंमत पटवू या, असे कोणी म्हणत नाही.

लेखापरीक्षक : ठीक. मुले आणि वाचनकक्ष सोडले. अभ्यासिका तरी सशुल्क असावी.

अभ्यासिकेचा प्रश्न वेगळा काढून पाहावा लागतो, कारण गेल्या काही वर्षांत वाचनालयांच्या वेळेवर सर्वाधिक ताण त्यातूनच आला आहे. राज्यसेवा, पोलीस भरती, बँक, तलाठी अशा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना पुस्तकाहून अधिक गरज असते ती टेबल, दिवा, पंखा आणि शांततेची. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे राहणाऱ्या घरात ती मिळत नाही. पुण्याच्या पेठांमध्ये खाजगी अभ्यासिकांची रांगच उभी राहिली आहे. तिथे महिन्याच्या भाड्यावर एक खुर्ची मिळते. तालुक्याच्या ठिकाणीही आता हे दिसते. सार्वजनिक वाचनालयाने ही जागा दिली तर गरीब विद्यार्थ्याचा मोठा खर्च वाचतो आणि रिकाम्या वास्तूचा उपयोग होतो. मात्र अभ्यासिका एकदा सुरू झाली की दिवसाचे बारा-चौदा तास चालते, आणि हळूहळू सगळी इमारत तिचीच होते. जिथे गोष्ट वाचून दाखवली जाते तो बालविभाग आवाज करतो म्हणून आवरता घेतला जातो. वर्तमानपत्रे चाळायला येणारे आजोबा बाहेरच्या बाकावर येतात. अभ्यासिकेला हवी असलेली वेळ आणि वाचनालयाला हवी असलेली वेळ या दोन वेगळ्या मागण्या आहेत. एकीच्या गर्दीने दुसरी भागली असे समजणे ही आज सर्रास होणारी गफलत आहे.

कार्यवाह : अभ्यासिकेला माफक शुल्क घ्यावे, गरजूंना माफ करावे आणि तो पैसा रात्रीच्या पहाऱ्यावर, विजेवर आणि स्वच्छतागृहावर घालावा, इथवर मी तुमच्याबरोबर आहे. मोठी मुले आळीपाळीने किल्ली सांभाळतात, असेही पुष्कळ गावांत चालते. पण रात्री नऊनंतर मुलींना थांबता यावे अशी व्यवस्था नसेल, तर ती वाढीव वेळ फक्त मुलांची होते. दिवा, पहारा आणि घरापर्यंतचा रस्ता यांचा विचार झाल्याशिवाय वेळ वाढवली असे म्हणू नये.

लेखापरीक्षक : तुम्ही वेळ म्हणता तेव्हा किती तास ते पाहता, की कोणते तास?

कार्यवाह : कोणते, ते आधी. आमच्याकडे सकाळी आठ ते दहा निवृत्त मंडळी येतात, वर्तमानपत्राला. दुपारी एक ते चार हा गृहिणींचा मोकळा वेळ, तेव्हा बहुतेक वाचनालये बंद. शाळा पाचला सुटते. नोकरदार माणूस गाडीने किंवा एसटीने साडेसात-आठला घरी पोहोचतो आणि आम्ही आठला कुलूप लावतो. रविवार हा त्याचा एकुलता एक दिवस, तोही पुष्कळ ठिकाणी अर्धाच. ज्या वाचकाचे आयुष्य आमच्या वेळापत्रकाशी जुळते तोच वाचक आमच्याकडे उरतो, आणि मग सभा-संमेलनांतून म्हटले जाते की लोक वाचत नाहीत.

शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ च्या आपल्या ग्रंथात ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ वापरासाठी असतात, जपून ठेवण्यासाठी नव्हेत, हे त्यातले पहिले. त्याच सूत्राच्या विवेचनात त्यांनी ग्रंथालयाची जागा, उघडे राहण्याची वेळ, फर्निचर आणि सेवकवर्ग यांचा विचार केला आहे. म्हणजे वेळ हा कारभारातला किरकोळ तपशील नव्हे, तो ग्रंथालयाच्या हेतूचाच भाग आहे, ही दृष्टी भारतीय ग्रंथालयशास्त्राच्या पायाशीच आहे. महाराष्ट्राच्या नियमांत वर्गानुसार किमान वेळ घातलेली आहे खरी. पण ती पात्रतेची एक अट म्हणून येते. अट पाळली की तिच्यापुढे जाणाऱ्याला एक रुपयाही जास्त मिळत नाही. रोज आठ तास उघडे राहणारे ड वर्गाचे वाचनालय आणि नेमकी किमान वेळ भरणारे ड वर्गाचे वाचनालय यांचे अनुदान सारखेच. दाखल नोंदवहीतल्या पुस्तकांची संख्या मोजणे सोपे म्हणून तीच अधिक मोजली जाते. याचा परिणाम असा की कोणी कधीच न मागणारी जीर्ण पुस्तके निर्लेखित करायला संस्था कचरतात, कारण आकडा खाली आला तर वर्ग जाईल ही धास्ती.

लेखापरीक्षक : मग मोजमाप बदला. एक मूळ रक्कम सर्वांना, आणि त्यावर उघड्या तासांप्रमाणे. आठवड्याला ३६ तास, वर्षाचे ५० आठवडे, म्हणजे १,८०० तास. तासाला ८० रुपये धरले तर वर्षाचे १ लाख ४४ हजार होतात. म्हणजे महिना १२ हजारांचा एक माणूस. एवढे पैसे देऊन मी ३६ तास मागेन आणि एक तासही सोडणार नाही.

कार्यवाह : अकरा हजार वाचनालयांना हे दिले तर किती होतील, तेही सांगा.

लेखापरीक्षक : १५८ कोटी ४० लाख. राज्याच्या एकूण खर्चात ही रक्कम फार मोठी नाही हे मी मान्य करतो. पण ती कायम द्यायची आहे, दरवर्षी वाढवत न्यायची आहे, आणि अर्थखाते कोणत्याही कायम खर्चाला घाबरते. शिवाय १९६७ च्या कायद्यातले ते किमान २५ लाख पाहा. तेव्हाची ती मोठी रक्कम होती. महागाईने तिचे काय झाले ते दिसतेच आहे. आकडा कायद्यात लिहिला की तो तिथेच गोठतो.

कार्यवाह : म्हणूनच उपकर हवा. मालमत्तेचे मूल्य वाढेल तसा तो आपोआप वाढतो.

उपकराचा वाद महाराष्ट्रात अर्धशतकाहून जुना आहे. तमिळनाडू, कर्नाटक आणि केरळ या राज्यांत मालमत्ता किंवा इमारत करावर ग्रंथालय उपकर आहे. कर्नाटकात तो ६ टक्के आहे. गोव्याने १९९३ च्या कायद्यात मद्यावरच्या अधिभाराचा वेगळा मार्ग निवडला. महाराष्ट्रातील शहरी नागरिकाला उपकर नवा नाही: मालमत्ता कराच्या बिलात शिक्षण उपकर, रोजगार हमी उपकर आणि वृक्ष उपकर असे रकाने आधीपासून आहेत. ग्रंथालयाचा रकाना तेवढा नाही. कारणे राजकीय आहेत. नवा कर लावल्याचा दोष कोणाला नको असतो, आणि अनुदान ही देणाऱ्याच्या हातातली गोष्ट राहते.

लेखापरीक्षक : उपकराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, बाई. बंगळुरूमध्ये महानगरपालिका उपकर गोळा करते, पण तो पुरता ग्रंथालय खात्याकडे पोहोचत नाही. थकबाकीचा प्रश्न तिथे वर्षानुवर्षे गाजतो आहे. लोकांकडून एका कारणासाठी घेतलेला पैसा दुसरीकडे वळवणे हा मला अनुदान बुडवण्याहून मोठा दोष वाटतो. आणि उपकर मालमत्तेवर असला की जिथे मालमत्ता, तिथे पैसा. कोथरूडचे वाचनालय भरेल, मेळघाटातले?

कार्यवाह : तुमचा हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. म्हणून संपूर्ण उपकर त्या त्या शहराकडे ठेवू नये. काही भाग स्थानिक, काही भाग राज्याच्या निधीत, आणि निधीतला पैसा आधी मेळघाटासारख्या भागांतल्या तालुक्यांना. शिवाय वसुलीच्या दिवशीच रक्कम वेगळ्या खात्यात जमा व्हावी. आज संगणकावर बिल भरले जाते, तेव्हा रकान्याप्रमाणे पैसे वळवणे अवघड नाही.

लेखापरीक्षक : आणि राज्य सरकार म्हणेल, उपकर आला, आता आमचे अनुदान कमी.

कार्यवाह : ते कायद्यातच रोखावे लागेल. नाहीतर लोकांनी भरायचे आणि सरकारने हात झटकायचे, असेच होईल.

इथे इंग्लंडचा दाखला उपयोगी पडतो. १८५० च्या कायद्याने तिथल्या शहरांना मालमत्तेच्या दर पौंडामागे अर्धा पेनी ग्रंथालयासाठी बसवण्याची मुभा दिली. १८५५ साली ती एक पेनी झाली. या स्थानिक करावर पुढे देशभर वाचनालये उभी राहिली. २०१० नंतर मध्यवर्ती सरकारने स्थानिक संस्थांचा निधी कापला, तेव्हा याच वाचनालयांचे तास कमी झाले, शेकडो शाखा बंद झाल्या आणि अनेक शाखा स्वयंसेवकांच्या हवाली करण्यात आल्या. स्थानिक उत्पन्न आणि राज्याचा पैसा यांतला एक पाय काढला की पहिला घाव वेळेवर बसतो. इमारत उभी असते, पाटी असते, फक्त मंगळवार-गुरुवारच उघडे असते.

लेखापरीक्षक : स्वयंसेवकांना मी कमी लेखणार नाही. तुम्ही स्वतःच बिनपगारी आहात. केरळात ग्रंथशाळांची चळवळ लोकांनीच पुढे नेली.

कार्यवाह : केरळात लोकांच्या मागे १९८९ चा कायदा, निवडून आलेली ग्रंथालय परिषद आणि उपकर उभे आहेत. स्वयंसेवक वाचनालयात जीव आणतो, तो वेळापत्रक सांभाळू शकत नाही. घरी आजारपण आले की मी येत नाही, आणि मला कोणी विचारूही शकत नाही. सहा वाजता दार उघडेल याची खात्री पगारी माणूसच देतो.

लेखापरीक्षक : आणि यंत्र? डेन्मार्कमध्ये वाचक कार्ड दाखवून, कर्मचारी नसतानाही आत जातात. कॅमेरे असतात, पुस्तक स्वतः नोंदवून न्यायचे. महानगरपालिकेच्या एखाद्या चांगल्या वास्तूत हे करून पाहायला हरकत नाही.

कार्यवाह : अभ्यासिकेला चालेल. पहिल्यांदा वाचनालयात आलेल्या मुलाला मात्र कपाटापर्यंत नेणारे माणूस लागते. तिथे कर्मचारी वाचवण्यासाठी यंत्र आणू नये, एवढेच.

तासांप्रमाणे अनुदान या कल्पनेवर दोघांचे एकमत झाले, तरी अंमलाचा प्रश्न राहतो. कागदावरची हजेरी लिहिणारा हात कागदावरचे तासही लिहील. ग्रंथालय अधिकाऱ्यांची संख्या पाहता वारंवार अचानक तपासणी शक्य नाही. त्यामुळे पडताळणी गावाच्या हाती द्यावी लागते: वेळेचा फलक बाहेरून दिसेल असा, ग्रामसभेत किंवा प्रभाग सभेत वर्षातून दोनदा वाचनालयाच्या वेळेचा अहवाल, तक्रारीसाठी अधिकाऱ्यांचा क्रमांक त्याच फलकावर, आणि वीजबिलाची प्रत वार्षिक अहवालाला जोडलेली. वीजबिल खोटे बोलत नाही, असे लेखापरीक्षकांचे मत आहे. ज्या वाचनालयात दिवसा उजेडात काम चालते तिथे ते पुरेसे नाही, असे कार्यवाहांचे.

लेखापरीक्षक : तास भरले नाहीत तर अनुदान कापले जाईल, ही अट मला सोडता येणार नाही.

कार्यवाह : कापा, पण वेतनाचा हप्ता एप्रिलमध्येच द्या आणि कापणी पुढच्या वर्षीच्या रकमेतून करा. पगार थकवून वेळेवर दार उघडा म्हणणे न्यायाचे नाही. आणि पहिली तीन वर्षे फक्त तास वाढवणाऱ्यांना जास्त द्या, शिक्षा कोणाला नको. दहा-पंधरा वर्षे ज्यांचा वर्गबदलही अडला होता, त्यांना आधी उभे राहू द्या.

लेखापरीक्षक : तीन नाही, दोन वर्षे.

कार्यवाह : दोन वर्षे चालतील. पण डोंगराळ आणि आदिवासी तालुक्यांना तीन.

पैशाची वाट न पाहता होऊ शकणारी कामेही यात आहेत. आठवड्याचे १८ तास चालणारे वाचनालय त्याच १८ तासांची मांडणी बदलू शकते: दोन दिवस दुपारी एक ते चार, तीन दिवस संध्याकाळी सहा ते नऊ, आणि रविवारी सकाळी नऊ ते बारा. साप्ताहिक सुटी रविवारऐवजी गावच्या बाजाराचा वार सोडून दुसऱ्या एखाद्या वारी घेता येते. बाजाराच्या दिवशी आसपासच्या वाड्यांतली माणसे गावात येतात, त्या दिवशी दार उघडे असलेले बरे. पुस्तकांसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजना आहेत. हे प्रतिष्ठान १९७२ पासून राज्यांच्या वाट्याच्या जोडीने आणि काही योजनांत वाट्याशिवायही मदत देते. त्यामुळे स्थानिक पैसा पुस्तकांवरून काही अंशी वेतनाकडे वळवता येऊ शकतो, अर्थात निम्म्या-निम्म्या वाटणीचा नियम सैल झाला तर. तो नियम लहान ग्रंथालयांसाठी तरी सैल व्हावा, यावर लेखापरीक्षक आणि कार्यवाह दोघेही ठाम आहेत. नगरपरिषदांनी ऐच्छिक कर्तव्याच्या शीर्षाखाली वाचनालयाच्या वेळेसाठी वेगळी तरतूद करावी, ही कार्यवाहांची मागणी. ती तरतूद करण्याआधी नगरपरिषदेने आपल्या हद्दीतले प्रत्येक वाचनालय आठवड्यातून किती तास आणि कोणत्या वेळी उघडे असते याची यादी करून ती अर्थसंकल्पाला जोडावी, ही लेखापरीक्षकांची अट.